मुलूखगिरीचा हंगाम

लहेरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडताना लगाम आखडून धरा. कमानीखाली उंट, तोफगाडे आणि बुणग्यांची एकच दाटी झाली आहे, आणि तुमच्या मांडीखालचं घोडं तुमच्या स्वतःच्या पैशाचं आहे. त्याचा पाय मोडला तर तुमची चाकरीही मोडली. दसऱ्याचं सोनं वाटून झालं, सीमोल्लंघन झालं, आता फौज मुलूखगिरीला, म्हणजे खंडणी वसूल करायला, काठेवाडाकडे निघाली आहे. अठराव्या शतकाची शेवटची काही वर्षं उरली आहेत. बडोद्याच्या गादीवर गोविंदराव गायकवाड, दिवाणगिरी रावजी आपाजींकडे. आणि तुम्ही पुण्याकडच्या एका कोरडवाहू गावातून आलेले शिलेदार.

शिलेदार म्हणजे घोडं आपलं, हत्यार आपलं. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणाऱ्या बारगिरापेक्षा तुमचा मुशारा जास्त आणि मिशीला पीळही जास्त. निघण्याआधी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम हातात पडली होती. तिच्यातली अर्धी खोगीर-नालांत गेली, उरलेली गावच्या सावकाराच्या व्याजात. घोडं लढाईत पडलं तर भरपाई मिळेलच याचा भरवसा नाही. मग शिलेदाराचा बारगीर व्हायचं किंवा पायी घरी जायचं. म्हणून उद्या एखाद्या तटावरून बार सुटले, तर तुम्ही पहिल्यांदा घोडं आडोशाला न्याल. यात भ्याडपणा नाही. दरोबस्त घर ज्या चार पायांवर उभं आहे ते सांभाळायचं असतं. बखरीत हा हिशेब लिहीत नाहीत, पण गुजरातेतली मराठी लढाई अशी का आहे, म्हणजे वेगानं येणारी, वेढा घालून बसणारी आणि तटावर धडक मारायला कचरणारी, हे त्यावरूनच उलगडतं.

एकदा मागे वळून शहर पाहून घ्या. चार दिशांना चार दरवाजे: हा लहेरीपुरा, पलीकडे पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट; मधोमध मांडवी. तटावर पहारा करणाऱ्यांत मराठे शोधाल तर फारसे सापडणार नाहीत. तिथे अरब आहेत, हद्रमौतकडून समुद्र ओलांडून आलेले. कमरेला जंबिया, खांद्यावर लांब नळीची तोडेदार बंदूक. दरवाज्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. त्यांच्याखेरीज सिंधी आहेत, पुरभय्ये आहेत. खाली बाजारात बोली गुजराती, दफ्तरात लिपी मोडी, आणि टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचं नाव फारसी अक्षरांत. राज्य मराठ्यांचं आहे, हे कुणी सांगितलं तरच कळावं.

तुमच्या शेजारून चालणारा पागेतला म्हातारा पथक्या मात्र ते सांगायला अधीर आहे. सावलीच्या मुक्कामी तो तुम्हाला पिलाजीरावांच्या छत्रीपाशी घेऊन जातो, पायातले जोडे काढायला लावतो.

"आपण इथं कसे आलो ठाऊक आहे का तुला?" तो विचारतो. "तळेगावच्या दाभाड्यांच्या मागं. खंडेराव दाभाडे सेनापती, आणि दावडीचे गायकवाड त्यांच्या हाताखालचे."

मग ओघानं सगळं येतं. १७२० साली बाळापूरच्या लढाईत दमाजीरावांनी तलवार गाजवली, शाहू महाराजांनी त्यांना समशेर बहादर हा किताब दिला. ते लवकरच वारले आणि पुतण्या पिलाजी पुढे आला. त्यानं सोनगडच्या जंगलात भिल्लांच्या मुलखात पाय रोवला. तिथून सुरतेच्या अठ्ठाविशीत घोडी घालायची, चौथ मागायची, डोंगरात परत शिरायचं. बादशाही सुभेदार एकमेकांशी भांडत होते. ज्याला ज्याच्याविरुद्ध घोडी हवी, त्यानं मराठ्यांना बोलवावं. बोलावलेले पाहुणे मग घरातच राहिले.

"आणि आपसातही कमी भांडलो नाही," म्हातारा थुंकतो. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव पेशव्यांची फौज आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांची फौज एकमेकांवर तुटून पडली. त्र्यंबकराव ठार झाले, पिलाजी जखमी झाले. जिंकायला आलेल्यांनी जिंकलेल्या मुलखात एकमेकांचं रक्त सांडलं, ते वाटा कुणाचा यावरून. पुढच्याच वर्षी डाकोरला बोलणी चालू असताना मारवाडच्या अभयसिंगाच्या माणसांनी पिलाजींचा खून केला. हा अभयसिंग तेव्हा बादशहाचा गुजरातेतला सुभेदार. प्रेत इथे सावलीला आणून दहन केलं. दोन वर्षांनी, १७३४ साली, पिलाजींचा भाऊ महादजी यानं बडोदं घेतलं, ते आजवर सुटलेलं नाही.

छत्रीपुढे डोकं टेकवा आणि चला. मही नदी ओलांडायची आहे.

महीच्या दोन्ही काठांना पाण्यानं कापलेली खोल कोतरं आहेत. इथून पुढे मुलूख दोन नावांनी ओळखला जातो. रास्ती गावं, म्हणजे सरळ सारा भरणारी. तिथला देसाई, मजमुदार, पटेल कमाविसदाराच्या कचेरीत वही घेऊन येतात. हीच माणसं मोगलांच्या वेळीही वही घेऊन येत होती. आणि मेवासी गावं, म्हणजे फौज पाहिल्याशिवाय न देणारी. तिथे कोळी आणि राजपूत ठाकोर. तुमची धूळ दिसली की मेवासी गाव रिकामं होतं. माणसं, गुरं, बी-बियाणं कोतरांत उतरतं. तुम्ही घोड्यावरून खाली पाहता, आणि झुडपांतून कुणीतरी तुमच्याकडे पाहत असतं. तिथे भाला फिरवायला जागा नाही, घोडा वळवायला जागा नाही. एक बाण येतो, एक बार येतो, आणि पुन्हा सामसूम.

काठेवाडात शिरेपर्यंत मार्गशीर्ष उजाडतो. झालावाडच्या सपाट रानात पहिलं मोठं गाव दिसतं: मातीचा तट, बाहेर काटेरी थोराचं दाट कुंपण, एकच दरवाजा आणि तो बंद. वेशीपाशी पाळिये उभे आहेत. तुम्ही उतरून हात लावून पाहता. आपल्याकडच्या वीरगळांची ही भावंडंच: घोड्यावर स्वार, हातात भाला, वर सूर्य-चंद्र. गुरं हाकणाऱ्या दरोडेखोरांशी लढून मेलेल्यांचे आहेत, भाऊबंदकीत मेलेल्यांचे आहेत. काहींचा शेंदूर ताजा आहे. ते कुणाशी लढून मेले असतील, हा विचार तुमच्या मनात येतो आणि तुम्ही हात काढून घेता.

आता छावणी पडते. राहुट्या उभ्या राहतात, लमाणांचे बैल धान्य उतरवतात, छावणीचा बाजार भरतो. आणि कुणीच लढत नाही. पहिले दोन दिवस तुम्हाला याचं नवल वाटेल. गावच्या ठाकोराला पैसे द्यायचे नाहीत असं नाही. मागच्या खेपेची रक्कम कारकुनाच्या वहीत आहे, यंदाची तिच्या आसपासच राहणार, हे त्यालाही ठाऊक आहे. पण फौज दारात उभी नसताना खंडणी देणं म्हणजे राजपुताची अब्रू गेली. त्याच्या भायातांनी म्हणजे भाऊबंदांनी, शेजारच्या ठाकोरांनी, त्याच्या भाटानं पाहिलं पाहिजे की हा दबला तो फौजेपुढे दबला. म्हणून तटावरून चार बार सुटतील, तुमच्याकडूनही सुटतील. तुमच्याकडच्या हलक्या तोफांनी हे मातीचे जाड तट सहजी पडत नाहीत, हे दोन्हीकडे माहीत आहे.

खरं हत्यार रानात उभं आहे. जोंधळा दाण्यावर आलाय, कापसाची बोंडं फुटलीत. हंगाम पाहूनच फौज निघते. तिसऱ्या दिवशी सकाळी कहीचा हुकूम येतो. कही म्हणजे वैरणीची स्वारी. तुम्ही विळा घेऊन शेतात शिरता आणि कुणाच्या तरी वर्षाचा जोंधळा कणसांसकट कापून घोड्यापुढे टाकता. तटावर काही बायका उभ्या आहेत. त्या ओरडत नाहीत. हे शेत कणबी कुळाचं आहे. ठाकोराच्या अब्रूत त्याचा वाटा नाही आणि तुमच्या खंडणीतही नाही, पण दोन्हींची किंमत त्याच्या रानातून वसूल होते. तुमचा बापही कुणबी. निजामाच्या फौजेनं रान तुडवलं की तो घरात कसा बसून राहायचा, हे तुम्ही लहानपणी पाहिलंय. हात मात्र थांबत नाही, कारण घोडं उपाशी आहे.

चौथ्या दिवशी दरवाजा थोडा उघडतो आणि एकटा माणूस बाहेर येतो. पांढरा फेटा, कमरेला कट्यार. हा भाट. त्याला कुणी अडवत नाही, त्याच्यावर कुणी बार टाकत नाही. तो सरळ कारभाऱ्याच्या तंबूत जातो आणि बोलणी सुरू होतात. रक्कम ठरते, हप्ते ठरतात, खंडणीवर घासदाणा वेगळा. मग प्रश्न येतो: उरलेले हप्ते देतील याला जामीन कोण?

जामीन तोच. ठाकोराची सही महत्त्वाची नाही, तिच्याखाली भाटानं काढलेलं कट्यारीचं चित्र महत्त्वाचं. करार मोडला तर भाट त्रागा करील. ठाकोराच्या दारात स्वतःला भोसकून घेईल, प्रसंगी आपल्या घरातल्या कुणाचा जीव घेईल, आणि ते पाप पिढ्यान्‌पिढ्या ठाकोराच्या माथी बसेल. ज्या मुलखात बादशहाचा शिक्का चालत नाही, पेशव्यांची सनद चालत नाही, तिथे ही कट्यारीची रेघ चालते. तुमची हजारो घोडी चार दिवस जे करू शकली नाहीत ते एका निःशस्त्रासारख्या माणसानं दोन घटकांत केलं. तंबूबाहेर उभं राहून हे नीट पाहून ठेवा.

रात्री फडातल्या प्रभू कारकुनाच्या दिव्यापाशी बसा. तो दिवसाची जमा चढवतोय. या खंडणीत पेशव्यांचाही वाटा आहे. १७५२ साली पिलाजींचे चिरंजीव दुसरे दमाजीराव यांची पेशव्यांच्या कैदेतून सुटका झाली, ती अर्धा गुजरात तोडून देऊनच. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून अहमदाबाद घेतलं तेव्हा शहराचेही दोन वाटे झाले. भद्रच्या किल्ल्यात पेशव्यांचा अंमलदार, आणि गायकवाडांची वेगळी हवेली. कारकून हे सांगताना हसत नाही. त्याला दोन ठिकाणी हिशेब द्यायचा असतो.

तुम्ही त्याच्या भविष्यातून आला आहात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे जी त्याला नाही. सातशे वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडे, असेच थोडे स्वार परक्या मुलखात घुसले होते. नॉर्मन. त्यांच्या ओतव्हिल घराण्यातल्या तांक्रेदला बारा मुलगे आणि जमीन थोडकी. म्हणून पोरं दक्षिण इटलीत भाडोत्री घोडेस्वार झाली, ज्यानं बोलावलं त्याच्या बाजूनं लढली, आणि १०७२ साली पालेर्मो घेऊन सिसिलीची धनी झाली. तिथे त्यांनी अरबांचं सोन्याचं नाणं अरबी अक्षरांसकट चालू ठेवलं, दरबारात ग्रीक, अरबी आणि लॅटिन लिहिणारे ठेवले, फौजेत मुसलमान सैनिक ठेवले. नॉर्मनांच्याच दुसऱ्या फांदीनं १०६६ साली इंग्लंड जिंकलं, आणि तिथे रीत उलटी. १०६९-७०च्या हिवाळ्यात उत्तरेकडचा मुलूख जाळून उजाड केला, ठिकठिकाणी मातीचे ढिगारे रचून त्यांवर गढ्या बांधल्या, आणि १०८६ साली गुरं-नांगरांसकट जवळजवळ सगळ्या राज्याची मोजदाद करून वही बनवली. त्या वहीत मोठ्या जमीनदारांमध्ये जुन्या इंग्रजांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

कारकुनाची वही त्या इंग्लंडच्या वहीसारखी नाही. तिच्यात प्रत्येक गावापुढे जुनाच ठाकोर आहे, जुनाच देसाई, जुनाच पटेल. गायकवाडांनी कुणाला उखडून त्या जागी दावडीचा किंवा तळेगावचा माणूस फारसा बसवला नाही. तेवढी माणसंच नव्हती, आणि तेवढी चिकाटीही. त्यांनी वरचा वाटा घेतला आणि खालची चूल तशीच पेटती ठेवली. यामुळे गुजरात उजाड झाला नाही, हे पुण्य. पण यामुळेच दर वर्षी पुन्हा फौज न्यावी लागते, पुन्हा तोच जोंधळा कापावा लागतो, हे पाप. इंग्लंडच्या नॉर्मनाला एकदा जिंकून भागलं. तुम्हाला दर दसऱ्याला जिंकावं लागतं. आणि दर वर्षी जिंकायला दर वर्षी पैसा लागतो.

तो कुठून येतो, हे परत आल्यावर कळतं.

हालार, सोरठ, गोहिलवाड फिरून ज्येष्ठात तुम्ही बडोद्यात परत येता. घोड्याच्या बरगड्या मोजता येतात. खंडणी तर वसूल झाली, मग मुशारा? मुशारा थकलेला आहे. गेल्या सालचाही थकलेला आहे. हाती एक वरात पडते, अमुक महालाच्या वसुलावर अमुक रक्कम. आणि त्या महालाचा वसूल आधीच दुसऱ्या कुणाला लावून दिलेला असतो. तुम्ही कचेरीच्या दारात धरणं धरून बसलेल्यांत जाऊन बसता. तिथे तुम्हाला राज्याचा खरा नकाशा समजतो.

मोहीम निघते ती पेढीच्या पैशावर. हरिभक्ती, सामळ बेचर, मंगळ पारेख: शहरातले हे सावकार फौजेचा खर्च आगाऊ देतात, आणि तुम्ही भाल्याच्या टोकावर आणलेली रक्कम व्याजासकट त्यांच्या वहीत जमा होते. पण सावकार तरी दरबारावर का भरवसा ठेवील? गादीवर बसणाऱ्यांची भांडणं त्यानं पाहिली आहेत. दमाजीराव १७६८ साली वारले आणि गोविंदराव, सयाजीराव, फत्तेसिंगराव, मानाजीराव या चार मुलांच्या वादात एकाचं कर्ज दुसऱ्यानं नाकारण्याची भीती कायमची होऊन बसली. म्हणून सावकार दरबाराकडे जामीन मागतो. आणि जामीन राहतात ते अरब जमादार. याला बहांधारी म्हणतात. राजाचा शब्द पाळला जाईल, हा शब्द राजाचा पगारी शिपाई देतो. जमादाराची बहांधारी असल्याशिवाय इथे कर्ज मिळत नाही, नेमणूक पक्की होत नाही, कैदेतून सुटलेला माणूस घराबाहेर पाऊल टाकत नाही.

झालावाडच्या वेशीत भाटानं जे केलं तेच इथे राजवाड्याच्या दारात चाललं आहे. फरक इतकाच की भाट स्वतःला भोसकतो, आणि जमादाराकडे शहराच्या किल्ल्या आहेत.

आता काही वर्षं पुढे या. गोविंदराव १८०० साली वारले, गादीवर आनंदराव आले, प्रकृतीनं आणि मनानं दुबळे. कडीचे मल्हारराव गायकवाड बंडाला उठले आणि रावजी आपाजींनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली. मेजर अलेक्झांडर वॉकर आला. घरचं भांडण मिटवायला बाहेरची घोडी बोलावायची. ऐंशी वर्षांपूर्वी बादशाही सुभेदारांनी हेच केलं होतं, आणि तेव्हा बोलावलेले तुम्ही होता.

डिसेंबर १८०२. तुम्ही तटाबाहेर उभे आहात आणि दरवाजे आतून बंद आहेत. थकलेल्या पगारासाठी अरबांनी शहर ताब्यात धरलंय, खुद्द महाराज त्यांच्या कबजात आहेत. इंग्रजांच्या तोफा तटावर चालू होतात. या तोफा तुमच्या मुलूखगिरीतल्या नव्हेत. चिरे उडताना दिसतात. दहा-एक दिवसांत खिंडार पडतं आणि अरब शरण येतात. शरण येतात म्हणजे काय, तर हिशेब होतो. त्यांचा थकलेला लाखोंचा पगार चुकता करायचा, मग त्यांनी मुलूख सोडायचा. दरबाराच्या तिजोरीत तेवढा पैसा नाही. तो ईस्ट इंडिया कंपनी आणि सावकार मिळून उभा करतात. कंपनीच्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागतो. आणि अरबांनी दिलेल्या बहांधाऱ्यांचं काय? सावकार विचारणारच. त्या जागी कंपनीची बहांधारी येते. यापुढे बडोद्याच्या महाराजांचा शब्द पाळला जाईल, याची हमी इंग्रज रेसिडेंट देईल.

तटाबाहेर उभ्या असलेल्या तुम्हाला त्या दिवशी विजय झाल्यासारखं वाटतं. अरब गेले, थकबाकी मिळण्याची आशा आली. पाच वर्षांनी, १८०७ साली, तुम्ही पुन्हा काठेवाडात जाता, पण या वेळी गायकवाडांचे विठ्ठलराव देवाजी आणि वॉकर बरोबरीनं आहेत. मोरबीजवळ घुंटूला तळ पडतो. ठाकोर एकेक करून येतात, ठरीव खंडणीवर आणि चांगल्या वर्तनाच्या जामिनावर सह्या करतात. रक्कम कायमची ठरली की दर दसऱ्याला फौज कशाला लागेल? तुमच्या लक्षात येतं की या छावणीत आपण आपल्याच चाकरीच्या अखेरीचा पहारा करतो आहोत. १८२० साली गायकवाड सरकार लिहून देतं की काठेवाडात आपण फौज पाठवणार नाही; खंडणी इंग्रज वसूल करतील आणि बडोद्याला पोचवतील.

कणब्याचा जोंधळा त्या वर्षी उभा राहिला, हे खरं, आणि त्याबद्दल त्यानं कुणाचे आभार मानायचे हा त्याचा प्रश्न. तुमचा प्रश्न वेगळा आहे. बडोदं कुणी तुमच्याकडून लढाईत जिंकून घेतलं नाही. गायकवाडांची गादी पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकली. पण १८०२च्या त्या हिवाळ्यात जामिनाची जागा बदलली, आणि तिच्याबरोबर धनीपणाही बदलला. शंभर वर्षं तुम्ही भाले घेऊन गुजरातेत फिरलात आणि तुमचा शब्द पाळला जाईल हे सांगायला मात्र कधी भाट लागला, कधी सावकार, कधी अरब. चौथा जामीन आला तो किल्ल्या घेऊन गेला.